नळराजाच्या सासुरवाडीला फ्रेंच सूप

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचं माहेर म्हणून ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुराणांतलं कुंडिनपूर ते हेच, असं मानतात. आणि तसं मानलं, की हे गाव आणखी एका नामांकित जावयाची सासुरवाडी ठरतं. तो जावई म्हणजे नळराजा. द्यूतात राज्य घालवून, रूप पालटून, बाहुक नावानं दुसऱ्याच्या पदरी सारथ्य करत तो कुंडिनपुरात आला, तेव्हा दमयंतीला चेहऱ्यावरून काही खूण पटेना. तिनं केशिनी नावाच्या दासीकरवी त्यानं रांधलेलं मांस मागवलं, चाखलं आणि नवरा ओळखला. ही हकिगत वनपर्वात आहे. पाककलेच्या जोरावर संसार परत मिळवलेला हा आपल्या पुराणांतला बहुधा एकमेव नवरा असावा.

अर्थात नळाचं काम सोपं होतं. लग्नात देवांनी त्याला वर दिले होते. आठवताक्षणी पाणी वरुणाकडून, आठवताक्षणी जाळ अग्नीकडून, आणि अन्नाची चव प्रत्यक्ष यमाकडून. म्हणजे टँकरची वाट पाहणं नाही, सिलिंडरचा नंबर लावणं नाही आणि मीठ कमी पडलं म्हणून बोलणी खाणंही नाही. अशा सोयी असल्यावर कोणीही काहीही रांधील. त्याच तालुक्यात, चार गॅसच्या शेगड्यांपैकी दोनच नीट पेटणाऱ्या ओट्यावर, पुण्याहून सुटीत आलेल्या नातीनं लो-कार्ब फ्रेंच ओनियन सूप करायचं म्हटलं, की खरा पुरुषार्थ काय तो कळतो.

मूळ सूप असं असतं. कांदे उभे, पातळ चिरायचे. लोण्यात मंद आचेवर गर्द तपकिरी होईपर्यंत परतायचे. थोडी वाइन शिंपडायची, मग हाडं उकळून काढलेलं निवळ पाणी घालायचं. खोलगट भांड्यात ओतून वर शिळ्या पावाचा भाजलेला तुकडा ठेवायचा, त्यावर ग्रुयेर नावाचं चीज भरपूर किसायचं आणि वरून असा जाळ द्यायचा की चीज वितळून, फुगून, डागाळून भांड्याच्या कडेवरून ओघळेल. फ्रेंच लोक याचा उगम पंधराव्या लुई राजापर्यंत नेतात. शिकारीच्या मुक्कामी कोठीत कांदे, लोणी आणि शॅम्पेन एवढंच उरलं होतं, तेव्हा राजेसाहेबांनी स्वतः सूप केलं म्हणे. राजाच्या कोठीत शॅम्पेन उरते आणि आचारी उरत नाही, यावर विश्वास ठेवायचा तर ठेवावा. सूप नावारूपाला आणलं ते मात्र पॅरिसच्या ‘ले आल’ बाजारातल्या हमालांनी आणि भाजीवाल्यांनी. रात्रभर गाड्या उतरवायच्या, पहाटे थंडीत हे वाडगंभर प्यायचं आणि घरी जायचं. कांदा स्वस्त, पाव कालचा. त्या शिळ्या पावाची सोय लावायला तर हा सगळा खटाटोप.

तो बाजार १९६९ साली पॅरिसच्या बाहेर हलवण्यात आला. त्याच १९६९ साली अकोल्यात पंजाबराव कृषी विद्यापीठ सुरू झालं आणि पुढे त्यानं ‘अकोला सफेद’ ही पांढऱ्या कांद्याची जात दिली. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. तरी वऱ्हाडी वाचकासाठी नोंदवून ठेवलेलं बरं.

आता लो-कार्बकडे. पीठ आणि साखर सोडा म्हणजे पोट उतरेल, हा शोध फिटनेसवाल्यांचा असल्याचा समज आहे. पण पावाच्या देशातल्याच ब्रिया-साव्हारँ नावाच्या न्यायाधीशानं १८२५ साली खाण्यापिण्यावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यात लठ्ठपणाचं खापर पिठाळ पदार्थांवर फोडलं. म्हणजे फ्रेंच सूपातून पाव काढा, ही सूचनाही फ्रेंचच. त्यानंतर १८६३ मध्ये लंडनच्या विल्यम बँटिंगनं पाव, साखर, बिअर आणि बटाटे सोडून आपण कसे सडसडीत झालो, याचं चोपडं छापलं. ते इतकं खपलं की काही काळ इंग्रजीत डाएट करण्यालाच त्याचं नाव पडलं. या गृहस्थाचा धंदा अंत्यविधीच्या व्यवस्थेचा. लोक बारीक होऊन दीर्घायुषी झाले तर नुकसान त्याचंच, तरी त्यानं उपदेश केला. स्वतः ८१ वर्षांचा होऊन गेला. मग १९७२ मध्ये अमेरिकेत डॉ. अ‍ॅटकिन्स आले आणि त्यांच्यामागून कीटोची लाट.

विदर्भाला मात्र या बाबतीत कोणाकडून शिकायची गरज नव्हती. काटोलकडचे डॉ. श्रीकांत जिचकार, म्हणजे पदव्यांची यादी वाचता वाचता धाप लागावी असे विद्वान आणि पंचविशीतच आमदार झालेले पुढारी, यांनी ‘दिवसातून दोनदाच जेवा’ हा विचार व्याख्यानांतून मांडला. २००४ साली अपघातात ते गेले. पुढे लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो विचार उचलला आणि महाराष्ट्राला ‘पंचावन्न मिनिटं’ हा नवा मुहूर्त दिला. दोन वेळा, प्रत्येकी पंचावन्न मिनिटांच्या आत, बस्स. मध्ये पाणी आणि पातळ ताक यांसारख्या निरुपद्रवी गोष्टी. तेव्हापासून पंगतीत घड्याळ आलं. पूर्वी यजमान आग्रह करताना शपथ घालत, आता ‘अजून बारा मिनिटं आहेत, दोन जिलब्या सहज बसतात’ असं म्हणतात. दीक्षितांना हे अभिप्रेत नव्हतं, पण आचार्य एक सांगतात आणि संप्रदाय दुसरंच ऐकतो, ही आपली जुनी रीत आहे. (कौंडण्यपूरला दीक्षित आडनाव नवं नाही. पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर दीक्षितांनी १९६०च्या दशकात इथं उत्खनन केलं आणि दोन हजार वर्षांहून जुन्या वस्तीची खापरं वर काढली. एका दीक्षितांनी इथली मडकी उघडली, दुसऱ्यांनी ती वेळेवर झाकायला सांगितली.)

तर नातीचा हिशेब सरळ होता. सूपात कार्ब कशात? पावात. पाव काढला की झालं लो-कार्ब.

इथंच कांदा आडवा येतो. शंभर ग्रॅम कांद्यात साधारण नऊ ग्रॅम कर्बोदकं असतात, त्यातले जेमतेम दोन ग्रॅम तंतू. चौघांच्या सूपाला किलोभर कांदा लागतो, म्हणजे माणशी पाव किलो. तंतू वजा केले तरी प्रत्येकाच्या वाडग्यात एकोणीस-वीस ग्रॅम कर्बोदकं उरतात. आणि ज्याला हाकलून दिलं त्या पावाचा तीस ग्रॅमचा तुकडा? सोळा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे गुन्हेगार म्हणून ज्याला पकडून नेलं तो किरकोळ, आणि फिर्याद द्यायला आलेला कांदाच मुख्य आरोपी. कडक कीटोवाल्यांचा दिवसाचा कोटा वीस ते पन्नास ग्रॅमचा. त्यातले वीसवाले एका वाडग्यात दिवसभराचा कोटा संपवून रात्रीपर्यंत पनीरकडे बघत बसतात.

शिवाय त्या सूपाची सगळी गंमत कांद्याच्या साखरेतच आहे. कांदा गोड असतो, हे आपल्याला पटत नाही कारण त्याच्यातली गंधकाची द्रव्यं आधी डोळ्यांत पाणी आणतात. ते पाणी आणायला कांद्याकडे एक खास विकर असतं. जपानी शास्त्रज्ञांनी ते २००२ मध्ये शोधलं आणि २०१३ मध्ये त्याबद्दल त्यांना इग नोबेल मिळालं, जे हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. रडवणाऱ्या संशोधनाला हसवणारं पारितोषिक! तर ही तिखट द्रव्यं शिजताना उडून जातात, पाणी आटतं, साखर उरते, ती तपकिरी होते. कांद्यातली साखर नको आणि कांद्याचं सूप हवं, ही मागणी फार जुन्या धर्तीची आहे. कापूस वेचायला नको आणि चुकारा मात्र मिळावा, तसली.

जाणकार लो-कार्बवाले यावर तोडगा काढतात. अर्धा कांदा, अर्धा कोबी. कोबीत शंभराला सहा ग्रॅम, त्यात तंतू बरेच. बारीक उभा चिरला आणि कांद्याबरोबर परतला तर तो निमूटपणे कांद्याचा रंग घेतो. काहीजण कोबीऐवजी मुळा घालतात, त्यात आणखी कमी. मुळ्याचं सूप झाल्यावर घराला जो वास येतो त्याची नोंद कोणत्याही पोषणतक्त्यात नसते. एवढं करून बचत किती? कोबी घातल्यास माणशी पाच-सहा ग्रॅम. म्हणजे चहाचा दीड चमचा साखर. नातीच्या आजोबांच्या, म्हणजे आबाजींच्या, सकाळच्या चहात त्याहून जास्त पडते आणि दुपारच्या चहात पुन्हा पडते, पण चहा हा वऱ्हाडात आहारात धरत नाहीत.

नातीनं कोबी आणला. कांदे चिरले. मोबाइलवरच्या कृतीत लिहिलं होतं, ‘दहा मिनिटांत कांदा सोनेरी-तपकिरी होईल.’

हे जगभरातलं खोटं आहे. टॉम स्कोका या अमेरिकी पत्रकारानं २०१२ साली ‘स्लेट’मध्ये यावर एक संतापलेला लेख लिहिला होता. कृती लिहिणारे सगळे पाच-दहा मिनिटं म्हणतात, प्रत्यक्षात पाऊण तास ते तास लागतो. कारण साधं आहे. कांद्यात नव्वद टक्क्यांच्या जवळपास पाणी. ते आटेपर्यंत पातेल्यातली उष्णता उकळत्या पाण्याच्या वर जात नाही आणि तोवर रंग धरत नाही. आच वाढवावी तर कडा करपतात आणि मध्य कच्चा राहतो. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर रंग लवकर येतो, पण कांद्याचा लगदा होतो. तेव्हा उभं राहून हलवत राहणं, एवढंच हातात. घरातली प्रत्येक व्यक्ती या तासाभरात एकदा ओट्यापाशी येऊन जाते.

“काय करून राह्यली व पोरी? कांदा करपून राह्यला तुया.”

“करपत नाहीये आजी, कॅरमलाइज होतोय.”

“हो व माय, पण करपून राह्यला.”

आजीनं जन्मभर कांद्याचं बेसन केलेलं असतं. कढईत तेल, मोहरी, कांदा, तिखट, बेसनाचा घोळ, झाकण. सगळं पंधरा मिनिटांत, तेही दोन नातवंडांना ओरडत. तिच्या लेखी एक तास कांदा परतणारी मुलगी म्हणजे लग्नाआधी एकदा वैद्याला दाखवायला हवी अशी. आणि घड्याळाचा हिशेब तर आणखी विचित्र: शिजायला साठ मिनिटं लागतात आणि खायची परवानगी पंचावन्न मिनिटांची.

मग वाइन. कौंडण्यपूरला याची भौगोलिक अडचण आहे. अलीकडचा काठ अमरावती जिल्ह्याचा, नदी ओलांडली की आर्वी तालुका, म्हणजे वर्धा जिल्हा. आणि गांधी-विनोबांच्या वास्तव्यामुळे तो जिल्हा दारूबंदीचा. म्हणजे एकच सूप या काठावर पाककृती आणि त्या काठावर पोलिसी पंचनामा. शिवाय रुक्मिणीच्या देवळाच्या गावात फ्रेंच सूपासाठी म्हणून बाटली आणायला कोण जाणार? जो जाईल तो सूपासाठीच गेला होता, हे कोण मान्य करणार? वाइनऐवजी चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबू चालतं. हेतू फक्त इतकाच की तळाला चिकटलेला तपकिरी थर सुटावा आणि गोडव्याला थोडा आंबटपणा यावा. हाडांच्या पाण्याच्या जागी मटणाच्या नळ्या उकळून काढलेला रस्सा उत्तम लागतो. कार्बही जवळजवळ शून्य. तो दिवस गुरुवार, सोमवार, चतुर्थी किंवा एकादशी नसावा, एवढी खबरदारी घेतली की आठवड्यात तीन-चार वार शिल्लक राहतात.

पण गावात माळकरी घरं पुष्कळ. इथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. १५९४ सालापासूनची ही परंपरा, सदाराम महाराजांनी सुरू केलेली. ती विदर्भातली सगळ्यात जुनी म्हणून मानाची. गळ्यात तुळशीची माळ असली की मटण नाही, दारू नाही आणि कांदा-लसूणही नाही. आता हिशेब मांडा. डाएटनं पाव काढला, नदीनं वाइन काढली, वारानं रस्सा काढला आणि माळेनं कांदा. फ्रेंच ओनियन सूपातलं जे उरलं ते म्हणजे चीज तरंगणारं गरम पाणी. कार्ब मात्र खरंच शून्य. अ‍ॅटकिन्सना जे जमलं नाही ते वारकरी संप्रदायानं करून दाखवलं.

ज्यांच्या गळ्यात माळ नाही पण घरात चातुर्मास पाळतात, त्यांच्यासाठी पंचांगानं आधीच सोय करून ठेवली आहे. आषाढ शुद्ध नवमी, म्हणजे कांदेनवमी. एकादशीपासून चार महिने कांदा बंद, म्हणून दोन दिवस आधी कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं, कांद्याची भाजी असा एकदाचा निकाल लावायचा. फ्रेंच ओनियन सूपाला महाराष्ट्रात याहून योग्य तिथी नाही. आणि मग एकादशीला उपास. त्या दिवशी साबुदाणा, ज्यात शंभर ग्रॅमला ८८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. दोन दिवसांपूर्वी कांद्यातले ग्रॅम मोजणारी मंडळी खिचडीची दुसरी ताटली पुढे करतात, कारण उपासाला कार्ब लागत नाहीत, पुण्य लागतं.

पावाच्या जागी काय, हा प्रश्न शहरात बदामाच्या पिठानं सोडवतात. बदामाचं पीठ घेऊन हमालाचं सूप करायचं! लो-कार्बनं या पदार्थाची जात कशी बदलली ते इथं दिसतं. गरिबाचा होता तो पाव, तो गेला. श्रीमंताचं होतं ते चीज, ते दुप्पट झालं. ग्रुयेर हे खरं तर स्वित्झर्लंडचं. ते कौंडण्यपुरात मिळत नाही, हे सांगायला नको. तालुक्याला मिळतं ते डब्यातलं किंवा चौकोनी वड्यांचं प्रोसेस्ड चीज. त्यात घातलेल्या क्षारांमुळे ते गुळगुळीत वितळतं, पण ताणत नाही आणि डागाळतही नाही. पिझ्झाच्या गाड्या गावोगाव पोचल्यापासून मोझरेला मिळू लागलंय, ते घ्यावं. निम्मं निम्मं घेतलं तर चव आणि तार दोन्ही साधतात.

वऱ्हाडाजवळ मात्र बदामाहून चांगली वस्तू आहे आणि ती चटणीच्या बरणीत पडून आहे. जवस. शंभर ग्रॅम जवसात कर्बोदकं एकोणतीस ग्रॅम दिसतात, पण त्यातले सत्तावीस तंतूच. भाजून, दळून, पाण्यात कालवलं की त्याला आपोआप चिकटपणा येतो. मीठ, जिरं घालून तव्यावर पातळ थापलं आणि मंद आचेवर कोरडं होऊ दिलं, की कुरकुरीत पापुद्रा होतो. सूपावर टाकला तर पाच मिनिटं तरी तग धरतो. परदेशातले लोक यासाठी जवसाची पाकिटं मागवतात. इथं आजी ते नातवाच्या पोटात जावं म्हणून चटणीत तेल घालून मिनतवाऱ्या करते आणि नातू तोंड फिरवतो. त्याच जवसाला ‘फ्लॅक्स क्रॅकर’ म्हटल्यावर त्यानं तीन खाल्ले.

शेवटचा अडसर ओव्हनचा. चीजला वरून जाळ हवा, आणि गॅसची रीत खालून जाळ देण्याची. यावर नात हताश झाली तेव्हा आजीनं लोखंडी तवा शेगडीवर लाल होईपर्यंत तापवला, सांडशीनं धरला आणि वाडग्यावर दोन बोटं अंतरावर उपडा धरला. चीज चरचरलं, फुगलं, डाग पडले. तिला वाटलं आपण गावठी जुगाड केला. प्रत्यक्षात युरोपातल्या जुन्या स्वयंपाकघरांत नेमकं हेच करत. लांब दांड्याची लोखंडी चकती निखाऱ्यात तापवून पदार्थावर धरत, तिला सॅलमँडर म्हणत. आजच्या हॉटेलांतल्या वरून जाळ देणाऱ्या भट्टीला नाव तिच्यावरूनच मिळालं. सबंध सूपात अस्सल फ्रेंच काय होतं, तर आजीचा तवा.

आबाजी पाटावर बसले. मधुमेहाची गोळी घेतली, घड्याळात पाहिलं, वाडगं तोंडाला लावलं. चिजाची तार मिशीत अडकली ती सोडवली. मग शांतपणे अख्खं वाडगं संपवलं, दुसरं मागितलं, तेही संपवलं. नात श्वास रोखून उभी.

“बेस झालं व,” आबाजी म्हणाले. “कांदा गोड लागून राह्यला.”

“मग? पोट भरलं ना आबाजी?”

“पोट? हे तं पेय होतं न पोरी.” त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं आणि ताट पुढे ओढलं. “आता जेवाले वाढ लवकर. पंचावन्नातले पंधरा मिनिटं अजून बाकी हायेत.”